ऑरियस घेताना शैली बघा

रोमन सम्राट टायबेरियसचा ऑरियस (सोन्याचं नाणं) घ्यायचाय ना? मग वजन आणि कस जुळला म्हणून भुलू नका. बनावट नाण्यातही सोनं खरं असू शकतं. जर्मनीच्या कार्ल विल्हेल्म बेकरने (१७७२–१८३०) तर स्वतः ठसे कोरून प्राचीन नाण्यांच्या नकला पाडल्या. ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर याच प्रकारची अस्सल नाणी बघत राहा, चेहरा पाठ होईपर्यंत. डोळा, कान, केसांच्या बटा, मानेची कड. अस्सल कारागिराची रेघ बेधडक जाते, नक्कल करणाऱ्याची बिचकत. अक्षरं हमखास चुगली करतात: छापील मजकुरासारखी एकसारखी दिसली, की मी नाणं खाली ठेवतो. नाण्याच्या मागच्या बाजूवरच्या बसलेल्या स्त्रीच्या वस्त्राच्या चुण्याही तपासा. मात्र अस्सल नाण्यावरून साचा घेतलेल्या नकलेत शैली खरीच उतरते. तिथे जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे देऊच नका.