पार्टिझन वर्तमानपत्र म्हणजे पक्षपाती, मुखपत्र की आणखी काही?

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या सुरुवातीच्या अध्यक्षीय निवडणुकांवरचा लेख मराठीत आणताना तिथल्या ‘पार्टिझन’, म्हणजे उघडपणे एका बाजूने लढणाऱ्या, वर्तमानपत्रांना काय म्हणावं? ‘पक्षपाती’ की ‘मुखपत्र’?

‘पक्षपाती’ नकोच. मराठीत तो आरोप आहे. पंच, परीक्षक, मास्तर पक्षपाती असतात, कारण त्यांनी मध्ये उभं राहायचं असतं. लांग कसून उतरलेल्या पैलवानाला कुणी पक्षपाती म्हणत नाही. ही पत्रं तर आखाड्यातलीच. १७९७ मध्ये विल्यम कॉबेटने फिलाडेल्फियात ‘पॉर्क्युपाइन्स गॅझेट’ काढलं (पॉर्क्युपाइन म्हणजे साळिंदर, नावातच काटे) आणि पहिल्याच अंकात सांगून टाकलं की निःपक्षपातीपणाची ग्वाही मी देणार नाही. असल्या ग्वाह्या निरुपयोगी असतात, शिवाय निव्वळ मूर्खपणाच्या.

‘मुखपत्र’ जवळचा शब्द, पण सरसकट चालणार नाही. ‘सामना’ला आपण (ठाकरेंच्या) शिवसेनेचं मुखपत्र म्हणतो, तेव्हा त्यात छापलं ते पक्षाचं बोलणं असं धरतो. १७९०च्या दशकात अमेरिकेत पक्षच अजून आकार घेत होते. जॉन फेनोचं ‘गॅझेट ऑफ द युनायटेड स्टेट्स’ अर्थमंत्री हॅमिल्टनच्या बाजूचं, सरकारी छपाईच्या कामावर तगणारं. त्याला उत्तर म्हणून १७९१ मध्ये फिलिप फ्रेनोचं ‘नॅशनल गॅझेट’ निघालं. (फेनो आणि फ्रेनो. अनुवादात गल्लत होणार, जपा.) फ्रेनोला परराष्ट्रमंत्री जेफरसनने आपल्या खात्यात भाषांतरकाराची जागा दिली होती, वर्षाला २५० डॉलर. १७९२ मध्ये हॅमिल्टनने फेनोच्या पत्रात निनावी खोच मारली: हा पगार भाषांतरांबद्दल मिळतो, की सरकार चालवणाऱ्यांची निंदा छापण्याबद्दल? भाषांतराच्या पैशांवर असा संशय आमच्यापैकी कुणावर येण्याची शक्यता नाही, पैसेच तेवढे नसतात.

फ्रेनोच्या पत्राला मी मुखपत्र म्हणणार नाही. त्याने जेफरसनचा ‘कैवार घेतला’ म्हणेन. हॅमिल्टनची ‘तळी उचलली’ असं फेनोबद्दल म्हणता येईल, पण त्यात मिंधेपणाचा वास आहे, तो हवा असेल तरच. खंडोबाची तळी भक्तिभावाने उचलतात, माणसाची उचलली की शब्दाचा रंग बदलतो. ‘री ओढणे’ गावोगावच्या लहान पत्रांना चपखल बसतं. १७९२च्या टपाल कायद्याने संपादकांना एकमेकांना अंक फुकट पाठवता येत. त्यामुळे १८०० मध्ये फिलाडेल्फियाच्या ‘अरोरा’ने अध्यक्ष अ‍ॅडम्सवर केलेली टीका दूरच्या गावातला जेफरसनवादी मुद्रक जशीच्या तशी उचलून छापू शकत होता.

खरंखुरं मुखपत्र पाहायचं तर अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनच्या काळात या. १८२८च्या निवडणुकीत त्याची बाजू लढवली डफ ग्रीनच्या ‘युनायटेड स्टेट्स टेलिग्राफ’ने. पुढे ग्रीन उपाध्यक्ष कॅल्हूनकडे झुकला. मुखपत्राचं मुख दुसरीकडे फिरलं म्हटल्यावर जॅक्सनच्या गोटाने केंटकीहून फ्रान्सिस ब्लेअरला आणून १८३० मध्ये ‘ग्लोब’ सुरू करवलं. इथे ‘सरकारचं मुखपत्र’ बेलाशक लिहा.

एरवी सर्वसाधारण संज्ञा म्हणून ‘पक्षनिष्ठ वर्तमानपत्रं’ घ्यावी, असं माझं मत. ‘पक्षीय’ही चालेल, पण तो शब्द ‘सर्वपक्षीय बैठक’ वगैरेंत फार झिजला आहे.

राहता राहिली निवडणुकीच्या हंगामापुरती काढलेली पत्रं, उदाहरणार्थ १८४० मध्ये अध्यक्षपदाचा उमेदवार हॅरिसनच्या प्रचारासाठी होरेस ग्रीलीने काढलेलं ‘लॉग केबिन’. त्यांना ‘प्रचारपत्र’ म्हणाल तर वाचकाला दारात टाकलेलं प्रचारपत्रक आठवेल. ते साप्ताहिक होतं, तेव्हा सरळ ‘प्रचार-साप्ताहिक’ लिहा.