दुबईच्या ऑर्डरवर घर तारण ठेवायचं का?

प्रश्न: कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. पंपांचे इम्पेलर, व्हॉल्व्ह बॉडी असं जॉब वर्क करतो. दुबईचा एक व्यापारी इथल्या दीडपट दर देतोय. माल पुढे इराणच्या तेल-वायू उद्योगात जाणार, इराणवर अमेरिकेचे निर्बंध आहेत तोवर काम तुटणार नाही, असं त्याचं म्हणणं. राहतं घर तारण ठेवून 35 लाखांची व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) घेऊ का? वय 46, मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला.

उत्तर: घर तारण ठेवू नका. मशीनचं नंतर बोलू.

व्यापारी अर्धं खरं सांगतोय. निर्बंध आले की तेल विकणं अवघड होतं, हे सगळ्यांना दिसतं. उद्योग आतून पोखरतो तो सुट्या भागांवाचून. मूळ कंपनी सील, पाती, व्हॉल्व्ह देत नाही, मग आडमार्गाने मिळेल ते चढ्या भावाने घ्यावं लागतं. तुमचा दीडपट दर तिथून आलाय.

पण ही गरज टिकते किती? साउथ पार्स या इराणच्या अवाढव्य वायुक्षेत्राच्या अकराव्या टप्प्याचा करार फ्रान्सच्या टोटल या तेलकंपनीने 2017 मध्ये केला आणि अमेरिका इराणसोबतच्या अणुकरारातून बाहेर पडल्यावर 2018 मध्ये सोडला. 2019 मध्ये चीनची सरकारी तेलकंपनी सीएनपीसीही गेली. शेवटी पेट्रोपार्स या इराणी कंपनीनेच काम रेटलं आणि 2023 मध्ये वायू काढला. मापना ही तिथली कंपनी सीमेन्सच्या परवान्यावर गॅस टर्बाइन बनवायला शिकली. जो देश टर्बाइनपर्यंत पोचला, तो व्हॉल्व्ह बॉडीसाठी कुपवाडवर किती दिवस अवलंबून राहील? त्यांचं अडतं ते मोठ्या कामांत. साउथ पार्सचा दाब घटत चाललाय आणि तो टिकवायला लागणारे प्रचंड कॉम्प्रेसर उभे करताना दमछाक होते. जगातले दुसऱ्या क्रमांकाचे वायुसाठे असूनही डिसेंबर 2024 मध्ये इंधनटंचाईने तिथे शाळा-कचेऱ्या बंद ठेवाव्या लागल्या. ती उणीव तुमच्या मालाने भरणारी नाही.

आणि निर्बंध उठले तर? 2016 मध्ये ते सैल झाले तेव्हा युरोपीय कंपन्या लगेच परतल्या होत्या. म्हणजे निर्बंध राहोत वा जावोत, ही ऑर्डर आटणारच. हप्ता मात्र पाच वर्षांचा. साडेदहा टक्क्यांनी महिन्याला सुमारे 75 हजार.

पैसे अडकण्याचा धोका त्याहून मोठा. एकट्या अमेरिकेने घातलेले निर्बंध भारत मानत नाही, हे बरोबर. पण तुमची बँक घाबरते. डॉलरचा व्यवहार अमेरिकी बँकेतून फिरतो, शंका आली की रक्कम अडकते. ऑक्टोबर 2024 मध्ये रशियाला माल पुरवल्यावरून अमेरिकेने शेकडो कंपन्या आणि व्यक्ती निर्बंधांच्या यादीत टाकल्या, त्यांत 19 भारतीय कंपन्या होत्या. तसं नाव लागलं तर निर्यात करणारा कुठलाही पंपवाला तुम्हाला जॉब देताना दहादा विचार करेल, आणि आज तुमची चूल त्याच जॉबवर पेटते. शिवाय व्यापाऱ्याने इराणचं नाव स्वतःच घेतलंय, तेव्हा ‘मला कल्पना नव्हती’ म्हणायचीही सोय उरली नाही. ही ऑर्डर सोडा.

आता मशीन. मजुरी, वीज, टूलिंग वजा जाता सध्याच्या गिऱ्हाइकांच्या कामातून 75 हजार सुटतात का, हे कागदावर मांडा. एकाच पार्टीवर हिशेब जुळत असेल तर तो जुळला असं धरू नका. सुटत नसतील तर निम्म्या किमतीचं जुनं मशीन बघा. कर्ज सीजीटीएमएसईच्या, म्हणजे छोट्या उद्योगांना तारणाशिवाय कर्ज मिळावं म्हणून असलेल्या सरकारी योजनेच्या, हमीवर मागा. शुल्क पडतं, पण घर मोकळं राहतं. मॅनेजर ‘घर द्या, व्याज कमी लावतो’ म्हणेलच, त्याला बळी पडू नका. मुलीची उरलेली फी त्याआधी एफडीत बाजूला काढा.

निर्यात करायची हौस चांगली आहे. पुढचा खरेदीदार आला की माल शेवटी कोण वापरणार हे लेखी घ्या, त्याच्या नावावर ईसीजीसीचा (निर्यातीचे पैसे बुडाले तर भरपाई देणाऱ्या सरकारी कंपनीचा) विमा मिळतो का विचारा, आणि दोन्ही हातात येईपर्यंत पॅटर्नवर (ओतकामाच्या साच्यासाठीच्या नमुन्यावर) रुपयाही घालू नका.