एसी लावला की आवाज दबतो? मग कॉम्प्रेसर बदलायची घाई नको

निपाणीहून तुम्ही लिहिलंय की डिझेल गाडी आहे, इंजिन चालू केलं की बॉनेटमधून करकर येते, एसी लावला की ती जवळजवळ थांबते, गारवा चांगला आहे आणि मेकॅनिक म्हणतोय अख्खा कॉम्प्रेसर बदला. दादा, पैसे अजून देऊ नका. उत्तर तुमच्याच वाक्यात आहे.

एसी बंद असला तरी कॉम्प्रेसरची पुली बेल्टाबरोबर फिरतच असते, आतला पंप तेवढा थांबलेला असतो. बटण दाबलं की मॅग्नेट क्लच 'टक्' करून पुढची प्लेट पुलीला चिकटवतो आणि मग पंप फिरायला लागतो. पंप उभा असताना येणारा आवाज पंपाचा कसा असेल? पुलीच्या आत एक बेअरिंग असतं. ते झिजलं की मोकळं फिरताना करकरतं, आणि क्लच लागून त्यावरचा भार बदलला की आवाज दबतो. तुमच्या गाडीत मला हेच दिसतंय. (काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो, पंप सतत फिरतो. त्यांना हा हिशेब लागू नाही. तुमच्याकडे 'टक्' ऐकू येतंय का ते आधी बघा.)

हे इतक्या आग्रहानं सांगतोय, कारण मी एकदा फसलोय. बेळगावहून संकेश्वरला जाताना वंटमुरी घाटात गाडी ओरडायला लागली. एका गॅरेजवाल्यानं कॉम्प्रेसर बदलला, गॅस भरला. आठवड्यात तोच आवाज परत. जुना कॉम्प्रेसर मी मागून घेऊन डिकीत ठेवला होता. घरी पुढची प्लेट हातानं फिरवून बघितली, पंप लोण्यासारखा फिरत होता. मग शांतपणे बेल्ट काढला आणि एकेक पुली फिरवली. आयडलरची, म्हणजे बेल्टाला नुसती वाट देणारी, पुली बोटाखाली खडखडली, वाळूत फिरवल्यासारखी. त्याच्या बेअरिंगचं सील फाटलं होतं आणि ग्रीस सुकून काळी भुकटी झाली होती. चांगला कॉम्प्रेसर मी उगाच बदलला होता.

म्हणून बेल्ट काढून बघणं हीच खरी तपासणी. इंजिन बंद, गार, किल्ली खिशात. बेल्ट सैल करण्याआधी तो कुठून कसा फिरलाय याचा मोबाइलवर फोटो काढा. मग कॉम्प्रेसरची पुली, आयडलर, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), अल्टरनेटर एकेक करून हातानं फिरवा. चांगली पुली गप्प फिरते. खराब असेल तर बोटांना खरखर कळते किंवा ती मागंपुढं डुलते. लांब स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून चालू इंजिनवर ऐकणारेही आहेत, पण बेल्ट आणि पंख्याच्या इतक्या जवळ हात न्यायचा धोका मी घेत नाही. तुम्हीही घेऊ नका.

पुलीचंच बेअरिंग निघालं तर गॅस सोडायची गरज नाही, हे मेकॅनिकला ठासून सांगा. पाइप न सोडता पुढच्या प्लेटचा बोल्ट, मग सर्क्लिप (पुली जागेवर धरणारी रिंग) काढली की पुलरनं पुली बाहेर येते. जागा अपुरी असेल तर कॉम्प्रेसरचे माउंटिंग बोल्ट सोडून, पाइपांना ताण न देता तो बाजूला टेकवायचा. नवं बेअरिंग एसी क्लचसाठीचंच घ्या, दोन्ही बाजूंनी सीलबंद. पुलीत बसवताना दाब बाहेरच्या रिंगवरच द्यायचा. आतल्या रिंगवर हातोडी मारली की नवं बेअरिंग तिथंच खराब होतं. तुमच्या गॅरेजात प्रेस नसेल तर पुली आणि बेअरिंग घेऊन बेळगावच्या उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये जा, काम थोड्या वेळाचं आहे. शेवटी प्लेट आणि पुलीमधली फट फीलर गेजनं मोजायची. बऱ्याच गाड्यांत ती 0.3 ते 0.6 मिलिमीटर लागते, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलात मिळेल. कमीजास्त असेल तर शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून किंवा काढून जुळवायची. ही फट न मोजता गाडी परत देणारे मी बघितलेत. फट जास्त राहिली तर क्लच घसरतो, जळतो.

हे पुढं ढकलूही नका. बेअरिंग जाम झालं तर पुली तापून मॅग्नेटची कॉइल जळते, बेल्ट तुटतो, आणि तोच बेल्ट पाण्याचा पंप फिरवत असेल तर तवंदी घाटात इंजिन तापून गाडी उभी राहील.

आवाज डॅशबोर्डमधून येत असता तर मी वेगळं सांगितलं असतं. आपल्याकडं ऊसतोडीच्या दिवसांत पाचट जाळल्याची काजळी आणि सुकी पानं काचेखालच्या जाळीतून आत जातात, ब्लोअरच्या पंख्यात अडकून फडफडतात. ग्लव्ह बॉक्समागचा फिल्टर काढला की निम्मं काम होतं. एसी बंद केल्यावर थोडा वेळ येणारी 'स्स्स' तर दोषच नाही, दाब समान होत असतो.

कॉम्प्रेसर खरंच गेला असेल तर आवाज क्लच लागल्यावरच सुरू होतो, बऱ्याचदा गारवा कमी होतो आणि ऑइलमध्ये धातूचा चुरा दिसतो. तेव्हा नुसता कॉम्प्रेसर बदलून भागत नाही. लाइन साफ करून ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा डबा) आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हही (गॅसचा दाब उतरवणारा) बदलावा लागतो, नाहीतर उरलेला चुरा नव्यालाही खातो. नंतर किमान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे लाइनमधली हवा आणि ओल पंपानं ओढून काढणं, आणि गॅस बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमनुसार वजन करून. अंदाजानं जास्त भरलेला गॅससुद्धा कॉम्प्रेसर ठोकायला लावतो.

तुमचा गारवा चांगला आहे, त्यामुळं तिथवर जावं लागेल असं वाटत नाही. बेल्ट काढल्यावर कुठली पुली खरखरली ते कळवा. जुन्या बेअरिंगवरचा नंबर पुसला असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी व्हर्नियरनं मोजून पाठवा, कुठलं मागायचं ते सांगतो.