राजीनामा खिशात राहू द्या, आधी शनिवार वापरा

पुण्यात वारज्याला राहणाऱ्या एका वाचकाचं पत्र थोडक्यात असं: वय ३९. खराडीच्या कंपनीत डेस्कटॉप सपोर्टला सव्वाचार वर्षं झाली, त्याआधी दुसरीकडे हेच काम. हातात ५२,००० येतात. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका, तिचे २४,०००. घराचा हप्ता १९,५००, मुलगी सातवीत, सोबत आई, तिला मधुमेह. सहा लाखांची एफडी, पीएफमध्ये सात लाख. नोकरी सोडून घरूनच कॉम्प्युटर-लॅपटॉप सपोर्टचं काम करायचं आहे. एक फ्रँचायझीवाले अडीच लाख डिपॉझिट घेऊन रोज कॉल, म्हणजे ग्राहकाकडे जाऊन करायची कामं, देऊ म्हणतात, आणखी दोन लाखांचं सामान. दिवसाला सहा कॉल, प्रत्येकी ५००, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ७८,०००. दिवाळीआधी राजीनामा देऊ का?

नमस्कार. राजीनामा दिवाळीआधी देऊ नका. धंदा मात्र करा. तुमचा हात चांगला आहे हे पत्रावरूनच कळतं. घोळ आहे तो तुमच्या गुणाकारात.

दिवसाला सहा कॉल कुठून आणले? विंडोज नव्याने टाकायची तर आधी ग्राहकाचे फोटो, टॅलीचा डेटा, मेल काढून ठेवायला हवेत. जुन्या हार्ड डिस्कवरून तीनशे जीबी उतरवायला किती वेळ लागतो हे मी तुम्हाला सांगायला नको. तोवर तुम्ही त्यांच्या सोफ्यावर बसून चहा पिणार. मग कर्वेनगरहून बाणेरला जायचं, तिथे पार्किंग शोधायचं, वॉचमनच्या वहीत नाव लिहायचं. दिवसाला तीन कॉल झाले तरी दिवस चांगला गेला म्हणा. तीन कॉल, ५०० रुपये, २४ दिवस, म्हणजे ३६,०००. पेट्रोल, फोन, वायफळ फेऱ्या वजा केल्या की तीसच्या आसपास. कंपनी आज पीएफ भरते आणि मेडिक्लेमही देते, तो हिशेब अजून यात धरलेलाच नाही.

आता घराकडे बघू. पत्नीच्या पगारातून हप्ता गेला की साडेचार हजार उरतात. म्हणजे किराणा, फी, आईची औषधं सगळं तुमच्यावर आहे. एफडी हात न लावता ठेवली तर महिना ५०,००० खर्च धरून घर वर्षभर चालतं. तिच्यातून साडेचार लाख काढले तर तीनच महिने. एवढी घाई डोक्यावर असली की माणूस नको ते काम घेतो आणि नको त्या भावात करतो.

फ्रँचायझीचं मला पटत नाही. ज्याच्याकडे खरंच रोजचे कॉल पडून आहेत, त्याला माणसं हवी असतात, त्यांचे अडीच लाख नव्हे. तरी मोह होत असेल तर करारात ‘महिन्याला किमान इतके कॉल, नाहीतर डिपॉझिट परत’ असं लिहून मागा. माझा अंदाज, लिहून देणार नाहीत.

सामानाचे दोन लाखही नकोत. स्क्रूड्रायव्हरचा बरा संच, मल्टीमीटर, लॅन टेस्टर, क्रिम्पिंग टूल, दोन टीबीची बाहेरची डिस्क, पेनड्राइव्ह हे तीस-चाळीस हजारांत बसतं, आणि निम्मं तुमच्या घरात असेलच. एसएसडी-रॅम साठवू नका. गिऱ्हाईक मिळालं की आणायचे, भाव उतरला तर नुकसान तुमचं नको. किरकोळ इलेक्ट्रॉनिक सामानाला तपकीर गल्ली आहेच. मुद्रा योजनेच्या शिशू गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळतं, पण एवढ्याशा खर्चाला कर्ज कशाला?

‘विंडोज १० बंद झालं, कामाचा पूर येईल’ असं तुम्ही लिहिलं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचा नेहमीचा मोफत सपोर्ट संपला, हे खरं. पण ते काम एका मशीनला एकदाच येतं. इंटेलच्या आठव्या पिढीआधीचा प्रोसेसर असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे चालतही नाही. तो ग्राहक नवा लॅपटॉप घेईल आणि तुमच्या वाट्याला डेटा हलवण्याचे पैसे येतील. पुढच्या वर्षी काय?

आणि ‘घरून’ हा शब्दही जरा जपून वापरा. स्क्रीन शेअर करायची जी अ‍ॅप तुम्ही वापरणार, तीच ठगही वापरतात. ‘कोणी काही डाऊनलोड करायला सांगितलं तर फोन ठेवायचा’ असं मुलांनी आई-वडिलांना बजावलेलं असतं, आणि ते योग्यच आहे. पहिली भेट समोरासमोर हवी. ओळख पटली की निम्मं काम घरून होईल.

खरा पैसा बांधलेल्या, म्हणजे कराराने ठरलेल्या कामात आहे. तुमच्या घरापासून तीन-चार किलोमीटरमधले सीए, दवाखाने, क्लासेस बघा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात रिटर्न भरायच्या वेळी सीएचा कॉम्प्युटर बसला, तर तो भावात घासाघीस करत नाही. दुसरं गिऱ्हाईक कोथरूडचं: मुलगा न्यू जर्सीत, आई-बाबा इथे, प्रिंटर रुसलेला. एएमसीचे, म्हणजे वर्षभराच्या देखभाल कराराचे पैसे तिकडून, चहा इकडे. आठ ऑफिसं महिना अडीच हजारांनी आणि चाळीस घरं वर्षाला तीन हजारांनी धरली तर महिन्याला २०,००० आणि १०,००० असे तीस बांधलेले होतात. वर सुटे कॉल. हे गणित मला रोजच्या सहा कॉलपेक्षा बरं वाटतं.

हे शनिवार-रविवारी सुरू करा. आधी नेमणूकपत्र काढून वाचा. बाहेरचं काम करायला मनाई असेल तर लेखी परवानगी मागा. ‘पत्नीच्या नावावर काढतो’ असल्या युक्त्या नकोत, तिच्या शाळेचेही नियम असतील. पहिले करार वर्षाचे न करता सहा महिन्यांचे करा. दुसऱ्यांदा पैसे कितीजण भरतात हे लवकर कळेल, आणि मला तोच आकडा हवा आहे. दहातले सात-आठ टिकले आणि बांधलेले तीस हजार सलग सहा महिने आले, की राजीनामा लिहा.

तोवर या कंपनीत ग्रॅच्युइटीला लागणारी पाच वर्षंही होतील. तुमचा बेसिक ३२,००० आहे, म्हणजे ग्रॅच्युइटी ३२,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, साधारण ९२,०००. नऊ महिन्यांच्या घाईपायी एवढी रक्कम कशाला सोडायची? पीएफला हात लावू नका.

कागदपत्रं फार नाहीत. शॉप अ‍ॅक्टची ऑनलाइन सूचना, व्यवसाय कराचे वर्षाला २,५००, आणि उद्यम, म्हणजे लहान उद्योगाची नोंदणी. ही उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट आहे, दीड-दोन हजार मागणाऱ्या एजंटला देऊ नका. सेवेची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. आयकरात अनुमानित उत्पन्नाची सोय घ्या: बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेच्या ६ टक्के आणि रोखीच्या ८ टक्के नफा धरता येतो. खातं वेगळं ठेवा. आणि मशीन उघडण्याआधी ‘डेटाचा बॅकअप आहे / नाही’ यावर ग्राहकाची सही घ्या. कोणाच्या नातवाच्या बारशाचे फोटो गेले तर पाचशे रुपये परत देऊन भागत नाही.

राहिला आईंचा मधुमेह. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये त्या असतील तर नोकरी सुटताच ते कवच जाईल. नवी पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, आणि झालेला काळ त्यात धरला जातो. आईंना घेतील का, प्रीमियम किती लागेल, अर्ज कधी करायचा, हे एचआर आणि विमा कंपनीकडून आत्ताच लेखी मागवा. तो प्रीमियम कळला की मला पुन्हा लिहा. तीस हजारांचा आकडा तेवढ्याने वर सरकवावा लागेल.