कुत्र्यासह जर्मनीत घर शोधताना

आधी तारखांचा हिशेब करा. भारतातून नेताना मायक्रोचिप, मग रेबीजची लस, त्यानंतर किमान 30 दिवसांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत लशीचा परिणाम तपासण्यासाठी रक्त. रक्त घेतल्यापासून आणखी तीन महिने थांबावं लागतं. चिप लशीनंतर बसवली तर ती लस धरतच नाहीत, सगळं पहिल्यापासून!

या काळात घर शोधा, पण कुत्रा लपवू नका. जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानुसार छापील करारातली कुत्र्यामांजरांवरची सरसकट बंदी टिकत नाही. तरी परवानगी आपोआप मिळत नाही, ती लेखीच घ्या. अर्जाला कुत्र्याचा फोटो, वय, वजन आणि त्याने केलेल्या नुकसानीच्या विम्याचा कागद जोडा. डिपॉझिट मात्र हीटिंग वगैरे वगळून तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, कुत्रा असला तरी.