फॉर्म सेव्ह होत नाही आणि एररही दिसत नाही? रीडायरेक्ट करू नका, 422 द्या

तुमच्या पोस्टमधली अडचण अशी: रेल्स 7 (रुबी भाषेतली वेब फ्रेमवर्क), सबमिट दाबलं की फॉर्म ढिम्म, सर्व्हरच्या लॉगमध्ये टेम्पलेट रेंडर झालेलं दिसतंय पण पानावर एकही एरर नाही, आणि कन्सोलमध्ये 'फॉर्म रिस्पॉन्सेस मस्ट रीडायरेक्ट टू अनदर लोकेशन'. वाचताना जुनं दुखणं ओळखीचं वाटलं. व्हॅलिडेशन (भरलेल्या माहितीची तपासणी) लिहिता येतंय हे दिसतंच आहे, त्यामुळे ते सोडतो.

फॉर्म पाठवणाऱ्या पोस्ट रिक्वेस्टला 200 चं ('सगळं ठीक' या स्टेटसचं) उत्तर आलं की टर्बो, म्हणजे रेल्स 7 सोबत येणारी, पूर्ण पान रीलोड न करता बदलणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी, ते पान लावतच नाही. पोस्टनंतर पान रिफ्रेश केलं की ब्राउझर 'फॉर्म पुन्हा पाठवायचा का?' विचारतो, ते वागणं टर्बोला जमत नाही, म्हणून हा नियम. त्याला 303 रीडायरेक्ट ('दुसऱ्या पानावर जा') द्या, नाहीतर चारशे-पाचशेच्या घरातला, म्हणजे चूक सांगणारा स्टेटस. तेव्हा सेव्ह फसल्यावर चालणाऱ्या एल्समधल्या रेंडरपुढे 'स्टेटस: 422' ('पाठवलेली माहिती चालत नाही') लिहा. कंट्रोलरच्या क्रिएट ॲक्शनमध्ये लिहून अपडेटमध्ये विसरतात, तेही बघा. लॉगिनसाठी डिव्हाइज ही लायब्ररी वापरत असाल तर 4.9 किंवा पुढची आवृत्ती घ्या आणि इनिशियलायझरमधला एरर स्टेटस तपासा.

आता खरी गोम. ती कन्सोलची ओळच दिशाभूल करते. 'रीडायरेक्ट करा' म्हणते म्हणून माणूस एल्समध्येही रीडायरेक्ट टाकतो. माझे हात यातच पोळलेत. रीडायरेक्ट म्हणजे नवी रिक्वेस्ट, नवं कोरं ऑब्जेक्ट. एरर्स जुन्या ऑब्जेक्टवर होते, ते गेले आणि वापरणाऱ्याने टाइप केलेलंही गेलं. मग एरर्स फ्लॅशमध्ये, म्हणजे पुढच्या एका रिक्वेस्टपुरत्या साठवणीत, कोंबायचे. फ्लॅश राहतो सेशनमध्ये (वापरणाऱ्याची तात्पुरती नोंद), सेशन डिफॉल्टने कुकीत, आणि कुकीची मर्यादा 4 केबी. दोन-तीन एरर असेपर्यंत सगळं छान. लांबलचक फॉर्म कोणी रिकामा पाठवला, वर भरलेलं परत दाखवायला पॅरॅम्सही (फॉर्मवरून आलेली माहिती) फ्लॅशमध्येच ठेवलेले असले, की 'कुकी ओव्हरफ्लो' आणि थेट 500. लोकलवर सहसा दिसत नाही, कारण आपण टेस्टला दोनच रकाने चुकवतो. फॉर्मवर टर्बो बंद करणं हा उपाय चालतो, पण माझ्या मते ते दुखणं झाकणं आहे.

एकाच चुकीसाठी पंचवीस रकाने पुन्हा भरायला लावणारी संकेतस्थळं आपण सगळ्यांनी भोगलीत. निदान आपण ते करू नये. फाइलचा रकाना मात्र ब्राउझर सुरक्षेसाठी रिकामाच ठेवतो. रेल्सच्या ॲक्टिव्ह स्टोरेजचा डायरेक्ट अपलोड (फाइल ब्राउझरमधून थेट साठवणीत) लावून त्या फाइलची खूण असलेला साइन्ड आयडी हिडन फील्डमध्ये ठेवा, म्हणजे फाइल पुन्हा निवडावी लागत नाही.

एरर दिसायला लागले की लेआउट मोडेल. रेल्स चुकलेलं लेबल आणि इनपुट दोन्ही 'फील्ड विथ एरर्स' क्लासच्या डिव्हमध्ये गुंडाळतं, ग्रिड आणि फ्लेक्स तिथेच विस्कटतात. हे गुंडाळणारी 'फील्ड एरर प्रॉक' ही रेल्सची सेटिंग बदलून आलेला टॅग जसाच्या तसा परत करा आणि संदेश स्वतः इनपुटखाली छापा. संदेशाला आयडी, इनपुटला 'एरिया-डिस्क्राइब्डबाय' (त्या आयडीकडे बोट दाखवणारं) आणि 'एरिया-इनव्हॅलिड' ही ॲट्रिब्यूट द्या. नुसती लाल चौकट स्क्रीन रीडरला (दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) दिसत नाही.

संदेश मराठीत असतील तर 'रिकामे असू शकत नाही' असा एकच साचा ठेवू नका. 'पिनकोड रिकामे', 'तारीख रिकामे' असलं मराठी तयार होतं. 'भरा' ठेवा: 'पिनकोड भरा', 'तारीख भरा'. लिंगाचा प्रश्नच मिटतो.

आणि मराठी कीबोर्डवरून कोणी '४११०३०' टाकलं तर रुबीच्या रेजेक्समधला (मजकुराचा साचा तपासणारी खूण) बॅकस्लॅश-डी, म्हणजे 'कोणताही आकडा', ते आकडे मानत नाही. साध्या टेक्स्ट रकान्यात घ्या, व्हॅलिडेशनआधी अक्षरं बदलणाऱ्या 'टीआर' मेथडने '०-९' चे '0-9' करा. नावाच्या रेजेक्समध्ये नुसता युनिकोडचा 'एल' (अक्षरांचा) वर्ग असेल तर 'कुलकर्णी' अडतं, कारण काना-मात्रा आणि हलन्त 'एम' (खुणांच्या) वर्गात मोडतात, दोन्ही घ्या.

तुमचा फॉर्म टर्बो फ्रेममध्ये (पानाचा स्वतंत्र बदलणारा तुकडा) आहे का ते पोस्टमध्ये नाही. असेल तर 422 च्या उत्तरातही त्याच आयडीची फ्रेम हवी. नेटवर्क टॅबमध्ये 422 दिसूनही एरर आले नाहीत, तर आधी तिथेच बघा.