प्रीमियम झेपत नाही, ग्रुप पॉलिसी सोडून देऊ का?

तुमचा पेच थोडक्यात असा: नऊ जणांचं वर्कशॉप, गेल्या वर्षी एकाचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि यंदा रिन्यूअलला सगळ्यांच्या आरोग्य विम्याच्या ग्रुप पॉलिसीचा प्रीमियम १०० चा १३५ झाला. म्हणून पॉलिसी बंद करून तेवढे पैसे पगारात द्यावेत, ज्याने त्याने आपला विमा काढावा, असं तुमच्या मनात आहे. स्वतःला मधुमेह असल्याचं मात्र तुम्ही शेवटच्या ओळीत उरकलंत. मी तिथूनच सुरू करतो.

ग्रुप पॉलिसीत जुने आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. स्वतंत्र पॉलिसीला, जिथे नियम आड येत नाहीत तिथे, विमा कंपनी आधी तब्येत विचारते. मग जादा प्रीमियम, वेटिंग पीरियड (म्हणजे जुन्या आजाराचं बिल सुरुवातीचा काही काळ मिळत नाही), नाहीतर सरळ नकार. आणि पगारात मिसळलेला पैसा विम्याकडे जाईलच असं नाही. पंचविशीतला कारागीर तो गाडीच्या हप्त्यात घालेल; त्याच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं.

तेव्हा पॉलिसी सोडू नका. हजार माणसांत एक ऑपरेशन सहज मुरतं, नऊ जणांत तेच सगळा हिशेब उलटवतं. म्हणून तुमच्या व्यवसायाच्या संघटनेची मोठी सामूहिक योजना असेल तर तिथलं कोटेशन आधी घ्या.

स्वस्त कोटेशन आलं तर हॉस्पिटलच्या खोलीभाड्याची मर्यादा बघा, म्हणजे कंपनी किती भाड्यापर्यंतची खोली मान्य करते ते. समजा मर्यादा ४ आहे आणि तुम्ही ६ ची खोली घेतली. काही पॉलिसींत तेव्हा भाड्यातला फरकच नव्हे, तर डॉक्टरांची फी आणि ऑपरेशनचा खर्चही त्याच प्रमाणात कापतात. ३०० च्या बिलाचे हातात येतात २०० च्या आसपास. असली बचत नको.

त्यापेक्षा डिडक्टिबल वाढवून घ्या, म्हणजे ठरावीक रकमेपर्यंतचं बिल आपण भरायचं. प्रीमियममध्ये वाचेल ते वेगळ्या खात्यात टाका आणि कुणी ॲडमिट झालं तर त्याचं डिडक्टिबल त्यातून द्या. मात्र निदान दोघांचं भागेल एवढी रक्कम आजच बाजूला काढता येत नसेल, तर यंदा वाढीव प्रीमियमच भरा.

आणि हो, धंदा बंद पडला तर ग्रुप पॉलिसीही जाते. तुमच्या नावावर एक छोटी वेगळी पॉलिसी मिळत असेल तर आत्ताच घ्या, फॉर्मवर मधुमेह न लपवता.